बंबघराचं एक मत

टॅमरॅक गॅप, पेनसिल्व्हेनिया
२४ मार्च

प्रिय पॉलीन,

मुलीने आणून दिलेलं कानाचं नवं यंत्र तू डब्यातच ठेवतेस, हे मला कळलंय. तेव्हा फोनवर तुझं "काय? काय?" ऐकण्यापेक्षा पत्र बरं. बातमी वाईट आहे. बंबघर विकायला काढलंय.

हो, आपलंच बंबघर. आगीचे बंब तिथून हलवल्याला तीस वर्षं झाली. तेव्हापासून आपली नाटकं, शनिवारचे मुलांचे मातीकामाचे वर्ग, मी रंगवलेले पडदे, सगळं तिथेच. आता तिथे टायरचं गोदाम होणार म्हणे. ठराव आणलाय रॉइस डिट्वायलरने. सोळा वर्षं नगर परिषदेत दुसऱ्या वॉर्डाची खुर्ची उबवतोय आणि आता त्याला बंबघर डोळ्यांत सलायला लागलं. परिषदेच्या सभेत मी उठले आणि त्याला चांगलं सुनावलं. तो शांतपणे म्हणाला, "थेक्ला, मी मे महिन्यात पुन्हा उभा आहे. लोकांनी पाडलं तर ठराव मागे घेईन. निवडून दिलं तर जूनमध्ये विकणार." सगळ्यांसमोर शब्द दिलाय.

म्हणून विनी गॉन त्याच्याविरुद्ध उभी राहतेय. शाळेची बस चालवणारी विनी. पन्नास पोरांना नुसतं आरशातून बघून गप्प बसवते, तिला परिषद काय जड आहे? मेची निवडणूक म्हणजे पक्षाच्या आतली, प्रायमरी. पण नोव्हेंबरात आपल्याकडे समोरून कोणी उभंच राहत नाही. मेमध्ये जिंकला तो जिंकला. आणि मेमध्ये येतं कोण? मागच्या खेपेला दुसऱ्या वॉर्डातून पुरती दीडशे माणसंही आली नव्हती. मीही गेले नव्हते, टोमॅटोची रोपं लावत होते. आता आम्ही दहा बंबघरवाले एकगठ्ठा गेलो तर रॉइसची झोप उडेल.

एकच गोष्ट टोचतेय. गेले तीन गुरुवार आपला लायल प्रॉसर रॉइसच्या गाडीतून जाताना दिसतोय. मी विचारलं तर म्हणाला, "थोडं काम होतं." एरवी नाटकातलं एक वाक्य कसं म्हणायचं हे समजवायला हा अर्धा तास घेतो, आणि इथे तीन शब्द. पाणी कुठेतरी मुरतंय, पॉलीन.

तुझी,
थेक्ला


हॅरिसबर्ग
१ एप्रिल

प्रिय थेक्ला,

पत्र वाचून दिवसभर काही सुचलं नाही. इथे नवव्या मजल्यावर मुलगी-जावई कामाला गेले की मी आणि भिंत. तुझी पत्रं आली की निदान गावात फिरून आल्यासारखं वाटतं, आणि आता गावातलं बंबघरच जायचं म्हणतेस.

लायलवर मात्र असा संशय घेऊ नकोस. चाळीस वर्षं त्याने गावातल्या पोरांना गाणं शिकवलं. तुझ्या नवऱ्याने, जोने, माझ्या भावाच्या डोक्यावर हिरव्या रंगाची बादली ओतली, आठवतं ना? राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीवरून. अर्धं मंडळ एका बाजूला, अर्धं दुसऱ्या. तेव्हा दोघांना एका मंचावर परत उभं केलं ते लायलनेच. आता तुझा जोही नाही आणि माझा भाऊही नाही. पण बंबघर टिकलं ते त्या माणसामुळे.

एक सुचवू? मतदानाआधी सगळ्यांनी मतदार यादीत आपापली नावं नीट बघून घ्या. नीट म्हणजे नीट. शेवटची तारीख मेच्या सुरुवातीला असते, असं ऐकलं आहे.

विनीला आशीर्वाद.

तुझी,
पॉलीन


टॅमरॅक गॅप
१८ एप्रिल

प्रिय पॉलीन,

नावांची काळजी करू नकोस. सगळ्यांची यादीत आहेत. दर नोव्हेंबरला आम्ही मत देतोच, नावं कुठे पळून जाणार?

तुझ्या पत्राने मला बादलीनंतरचा तो रविवार आठवला. लायल मंचावर उभा राहिला, हातात कागदांचा गठ्ठा. म्हणाला, "पक्ष दाराबाहेर ठेवायचे असतील तर कागदावरही ठेवू या." आणि आपण तेराही जणांनी तिथेच बसून अर्ज भरले आणि पक्षातून नाव काढून 'कोणत्याही पक्षाचा नाही' या चौकटीत खूण केली. तू तर पहिली उठलीस. जो रडला होता त्या दिवशी. मी त्याला लग्नातही रडताना पाहिलं नव्हतं. त्यानंतर आजपर्यंत आपल्यात राजकारणावरून भांडण नाही. विनीच्या फलकांवर आम्ही तेच रंगवलंय: 'आम्ही पक्षाचे नाही, गावाचे.' शनिवारच्या मुलांनी अक्षरं काढली. एक दोन अक्षरं उलटी आहेत, पण लोक थांबून वाचतात.

सगळे राबताहेत, एक लायल सोडून. फलकावर मंडळींची नावं घालायची होती, तर म्हणाला, "माझं नको." का नको? खाई त्याला खवखवे. काल गुरुवार होता. पुन्हा रॉइसच्या गाडीत. मी मुद्दाम बेकरीच्या काचेमागे उभी राहून पाहिलं. रॉइसने उतरून त्याच्यासाठी दार उघडलं. आमदाराचं उघडावं तसं.

विनी म्हणाली, मतदान केंद्रावर मदतनीस कमी पडतात, तू बस. मी अर्ज दिलाय. सात मेला शिकवणी आहे. टेबलावर बसले की कोण येतं, कोण येत नाही, सगळं डोळ्यांसमोर राहील.

थेक्ला


टॅमरॅक गॅप
८ मे

पॉलीन,

घाईत लिहितेय, अक्षर लावून घे.

काल शिकवणीला गेले. जिल्ह्याहून आलेली बाई सांगत होती, मेमध्ये मत फक्त पक्षात नाव असलेल्यांना. बाकीच्यांना मतपत्रिका द्यायची नाही, नम्रपणे परत पाठवायचं. मी हात वर करून विचारलं, "आणि कोणत्याच पक्षात नाही त्यांचं?" ती म्हणाली, "त्यांनी नोव्हेंबरात यावं, ताई." नोव्हेंबरात! पक्षात परत नाव घालायची मुदत सोमवारी संपली. दोन दिवस आधी. बैल गेला आणि झोपा केला.

आम्ही गावभर फलक लावत हिंडतोय आणि आम्हालाच मत नाही. विनीचं एकटीचं आहे, तिने कधी नाव काढलं नव्हतं म्हणून.

पुढचं ऐक. सरावासाठी आमच्यापुढे वॉर्डाची यादी ठेवली होती. मी एकेक नाव तपासलं. बंबघरवाल्या नऊ जणांच्या पुढे कोरं. दहावं नाव प्रॉसर, लायल. पुढे पक्ष लिहिलेला. स्वच्छ. म्हणजे त्या रविवारी आम्हा सगळ्यांना बाहेर काढलं आणि हा आत बसून राहिला.

मी तिथून सरळ तालमीला गेले. सगळ्यांसमोर विचारलं, "लायल, तुझा अर्ज कुठे आहे?" तो पांढरा पडला. मी म्हणाले, "आम्हाला दारं लावून घेतलीस आणि किल्ली खिशात ठेवलीस. रॉइस किती गुरुवारांपासून फिरवतोय तुला?" तो पियानोचं झाकण बंद करून म्हणाला, "माझं नाव माझं आहे, थेक्ला. ते तेवढं राहू दे." आणि कोट घेऊन निघून गेला. खुलासा नाही, माफी नाही. आता तूच सांग, संशय कोणी घ्यायचा नाही?

तू त्या रविवारी त्याच्या शेजारी बसली होतीस. ही कल्पना त्याच्या डोक्यात कोणी घातली, काही ऐकलंस का? रॉइस तेव्हापासूनच मागे होता का? ज्याने कोणी घातली त्याला मी यापुढे माझ्या उंबऱ्याच्या आत घेणार नाही, मग तो कोणीही असो.

थेक्ला


हॅरिसबर्ग
१३ मे

प्रिय थेक्ला,

पाच वर्षं झाली त्याला. मला नीट आठवत नाही. गर्दी होती, सगळे एकदम बोलत होते.

एवढं मात्र ऐक. लायलला टोचू नकोस. त्याचं नाव पक्षात आहे ना? मग त्याला मत आहे. विनीला एक मत म्हणजे एक मत. त्याला येऊ दे, देऊ दे. तो कोणाला देईल हे तुला ठाऊक नाही, मला आहे. कसं, ते विचारू नकोस. माणसाची ओळख असते, एवढंच.

शक्य असेल तर मतदानाआधी त्याच्या घरी जा. अक्रोडाचा रोल ने, त्याला आवडतो. नाही गेलीस तरी निदान त्या दिवशी टेबलावर बसून त्याच्याकडे तुझ्या त्या नजरेने बघू नकोस. तुझी नजर मला माहीत आहे. मी सातवीत असताना तुझी निळी रिबीन हरवली होती, तेव्हा तू माझ्याकडे आठवडाभर तशी बघत होतीस. मी घेतली नव्हती, तरी मला शेवटी घेतल्यासारखं वाटायला लागलं होतं.

माझी तब्येत ठीक. झोप येत नाही, बाकी ठीक.

पॉलीन


टॅमरॅक गॅप
२१ मे

प्रिय पॉलीन,

आधी निकाल. एकसष्ट-एकसष्ट. टपालाची मतं धरून, दोनदा मोजून. आता दहा जूनला जिल्ह्याच्या कचेरीत चिठ्ठ्या टाकून निकाल. चिठ्ठ्या म्हणजे लाकडी गोळ्या. बाटलीतून दोघांनी एकेक काढायची, लहान आकडा निघेल तो जिंकला. हसू नकोस, कायदाच आहे.

काल सकाळी सातपासून मी चर्चच्या तळघरात टेबलावर बसले होते. आडनावांची दुसरी वही माझ्याकडे. माणूस आला की नाव पुकारायचं, पक्ष पुकारायचा, सही घ्यायची आणि मतपत्रिका द्यायची. आपल्या मंडळींना मत नव्हतं, म्हणून त्यांनी वर जिन्यापाशी बटाटा भरलेल्या पिरोगी तळून विकायला घेतल्या होत्या. येणाऱ्यांना निदान विनीची आठवण राहावी म्हणून. कायद्याने दारापासून जेवढं लांब राहायचं तेवढं लांब, पण वास सगळीकडे.

दुपारी साडेतीनला तुझा लायल आला. काठी घेऊन, रविवारचा कोट घालून. दाराच्या आत दोन पावलं टाकली आणि मी दिसले. मी काही बोलले नाही, नाव आणि पक्षाखेरीज तोंडातून शब्द काढायचा नाही असा नियमच आहे. फक्त बघितलं. वही उघडली, त्याच्या नावावर बोट ठेवलं आणि बघत राहिले. तो उभा राहिला. मग वळला आणि जिना चढून निघून गेला. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय? आमच्यासमोर रॉइसला मत द्यायची लाज वाटली असेल. मला तर बरंच वाटलं. म्हटलं, चला, रॉइसचं एक मत कमी केलं. तेवढ्याच एका मताने आपण वाचलो, नाहीतर तो बासष्टवर गेला असता.

तुझं मागचं पत्र मी दोनदा वाचलं. 'तुला ठाऊक नाही, मला आहे.' काय ठाऊक आहे तुला, पॉलीन?

थेक्ला


हॅरिसबर्ग
२६ मे

थेक्ला,

काय ठाऊक आहे ते लिहिते. पाच वर्षांपूर्वीच लिहायला हवं होतं, निदान मार्चमध्ये तरी.

ती कल्पना माझी होती.

बादलीच्या दुसऱ्या दिवशी मी लायलकडे गेले आणि म्हणाले, सगळ्यांनी पक्ष सोडला तर भांडायला कारणच उरणार नाही. माझा भाऊ माझ्याच घरी जेवायला येईनासा झाला होता, मला दुसरं काही दिसत नव्हतं. लायलने तेव्हाच सांगितलं होतं, "पॉलीन, आपल्या गावात खरी निवडणूक मेमध्ये होते. उद्या परिषद आपल्यावर उलटली तर आपल्यातल्या एकालाही बोलता येणार नाही." मी म्हणाले, परिषद कशाला उलटेल? तू बोल मंचावर, तुझं ऐकतात, माझं नाव घेऊ नकोस. तो तयार झाला, पण म्हणाला, "मी माझं नाव ठेवतो. कोणीतरी एक जण आत हवा. फक्त मंडळींना सांगू नकोस, पुन्हा भांडण होईल." तो दर मे महिन्यात मत द्यायला जात होता, थेक्ला. पाच वर्षं, एकटा, बंबघराच्या वतीने.

पहिल्या पत्रात मी 'नावं नीट बघा' लिहिलं. सरळ लिहिलं असतं तर तू विचारलं असतंस, तुला कसं माहीत? आणि नंतर तू उंबऱ्याचं लिहिलंस. मी घाबरले. इथे मला कोणी नाही. तुझी पत्रं बंद झाली तर मी काय करू, एवढाच विचार केला. त्याने तुझ्यासमोरसुद्धा माझं नाव घेतलं नाही, आणि मी इतक्या लांब बसून त्याला चोर ठरू दिलं.

तो विनीलाच मत द्यायला आला होता. बासष्ट झाली असती, पण विनीची.

आता उंबऱ्याचं तू ठरव.

पॉलीन


टॅमरॅक गॅप
१२ जून

पॉलीन,

परवा चिठ्ठ्या झाल्या. रॉइसला चारची गोळी निघाली, विनीला नवाची. काल रात्री परिषद बसली आणि रॉइसने ठराव मांडला. कोणी विरोधात बोललं नाही, शब्द दिलेलाच होता. ऑगस्ट अखेरीपर्यंत पडदे उतरवायचे आहेत. विनी आज सकाळी बस घेऊन गेली, नेहमीसारखी.

तुझं पत्र मी दहा दिवस टेबलावर ठेवलं. रागावले आहे. बराच काळ रागावलेली राहीन, तू मला ओळखतेसच. पण तू म्हणतेस तशी पत्रं बंद होणार नाहीत. एवढ्या वर्षांनंतर आता कोणावर दार लावायचं माझ्यात बळ नाही.

आज सकाळी मी लायलकडे गेले. अक्रोडाचा रोल नेला. महिनाभर उशीर झाला होता, तरी नेला. त्याने दार उघडलं आणि मला ओळखायला थोडा वेळ घेतला. त्याचे डोळे चाललेत, पॉलीन. दर गुरुवारी तो डोळ्यांच्या उपचारांना जातो. गाडी चालवता येत नाही म्हणून रॉइस नेतो. शेजारी आहे, एवढंच कारण. मी म्हणाले, "मला का नाही सांगितलंस?" तर म्हणाला, "प्रकाशयोजना माझ्याकडे आहे. तुम्ही काढून घेतली असती." मग म्हणाला, "रॉइस वाईट नाही गं. त्याला नाटक कळत नाही, बाकी बरा आहे. मी वाटेत दर गुरुवारी त्याला समजावत होतो."

मग मी त्याला मतदानाच्या दिवसाचं विचारलं. विचारल्याशिवाय घरी परत येता आलं नसतं. तो कपात चमचा ढवळत राहिला. म्हणाला, "नाव पुकारतात, पक्ष पुकारतात. वर जिन्यात आपली सगळी माणसं. मी मत देऊन वर येताना दिसलो असतो तर तू म्हणालीस ते सगळ्यांना खरं वाटलं असतं. म्हटलं, बंबघर राहील, पण मंडळी मोडतील. आणि ते मी पाच वर्षं सांभाळलं होतं."

मी म्हणाले, "तू फक्त पुढे यायला हवं होतंस, लायल."

तो म्हणाला, "आलो होतो की. मला हल्ली चेहरे नीट दिसत नाहीत, थेक्ला. पण तुझा त्या दिवशी दिसला."

मी त्या वेळी मान खाली घालून नुसती वहीत बघत राहिले असते, पॉलीन, तरी पुरलं असतं.

थेक्ला